वाचनालयातले पाच जुने पीसी : शनिवार-रविवारच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सामान आलं एकदाचं. पाच कॅबिनेट, चार मॉनिटर, कीबोर्ड-माऊसचा गठ्ठा आणि एक पोतं भरून वायरी. तालुक्यातला एक कॉम्प्युटर क्लास बंद झाला, त्यांनी सगळं वाचनालयाला देऊन टाकलं, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला आणि विंडोज ११ या मशिनवर अधिकृतपणे चढत नाही, त्याला इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं. आमचं वाचनालय 'क' वर्गाचं, नवीन पीसी घ्यायला पैसे कुठून येणार, म्हणून मी ग्रंथपाल काकांना म्हटलं आणा तुम्ही, मी शनिवार-रविवार कोल्हापूरहून गावी येतेच, बसते त्यावर.

मदतीला नववीतल्या दोन मुली आणि एक मुलगा. पहिला प्रश्न आला, "ताई, हे सीपीयू कुठं ठेवू?" आणि हातात अख्खं कॅबिनेट. सगळेच तसं म्हणतात आपल्याकडं, मीही शाळेत तसंच म्हणायचे. म्हणून सुरुवात तिथूनच केली. प्लग काढला, पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं म्हणजे उरलासुरला करंट जातो, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला (अंगातली स्टॅटिक वीज चिपमध्ये जाऊ नये म्हणून, हे दरवेळी करायचं, मुलांना तीनदा सांगितलं) आणि साइडचं झाकण काढलं. आत धूळ इतकी की पंख्याची पाती दिसेनात. ब्रश आणि ब्लोअर घेऊन सगळं व्हरांड्यात नेलं.

साफ झाल्यावर एकेक नाव सांगितलं. मोठा हिरवा बोर्ड तो मदरबोर्ड, बाकी सगळं त्यालाच जोडलेलं. वरच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस, तो घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक, आणि तो काढल्यावर त्याच्याखाली वाळलेल्या पेस्टमध्ये चिकटलेला, बाजूला जेमतेम पावणेचार सेंटीमीटर भरेल असा चौकोन, तो खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, सगळी आकडेमोड करणारी चिप. मुलगी म्हणाली, "एवढाच?" एवढाच. आय३-२१००, २०११ सालचा, दोन कोर, ३.१ गिगाहर्ट्झ. गिगाहर्ट्झ म्हणजे काय विचारल्यावर सांगितलं की आतलं घड्याळ सेकंदाला ३१० कोटी ठोके देतं. ती आकडा वहीत लिहून शून्यं मोजत बसली.

पाचपैकी तीन मशिन अशीच, एच६१ जातीच्या मदरबोर्डची. चौथं त्याहून जुनं, कोअर २ ड्युओ प्रोसेसरचं. पाचवं चालूच होत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

तिन्ही आय३ मशिनवर थर्मल पेस्ट बदलली, मसुराच्या दाण्याएवढी पुरते, जास्त लावून फायदा नाही. एक मशिन चालू झालं पण स्क्रीन काळी आणि आतून लांब लांब बीप. असं झालं की आधी रॅमची पट्टी काढून बघायची. काढली, तिचे सोनेरी पाय खोडरबरनं हलक्या हातानं घासले, भुगा झटकला, दोन्ही बाजूच्या खिट्ट्या टक् करून बसेपर्यंत परत दाबली, आणि चालू. दुकानात याला लोक पैसे देतात म्हणून हे मुलांकडून दोनदा करून घेतलं.

मग रॅम म्हणजे नक्की काय यावर आजचा निम्मा दिवस गेला, आणि जायलाच पाहिजे होता, कारण सगळा गोंधळ इथंच असतो. मी बऱ्याच तऱ्हेनं सांगून बघितलं, पण शेवटी मुलानंच बरोबर पकडलं. तो म्हणाला, ताई म्हणजे रॅम हा फळा आणि हार्डडिस्क ही वही. फळ्यावर गणित सोडवायचं, उत्तर वहीत उतरवायचं, तास संपला की फळा पुसला. मला हे इतकं आवडलं की आता सगळीकडं हेच वापरणार. फळा मोठा असेल तर एका वेळी जास्त गणितं मांडता येतात, म्हणजे जास्त रॅम असेल तर ब्राउझरचे जास्त टॅब, सोबत एक्सेल, सोबत गाणं, असं सगळं न अडखळता चालतं. पण फळा कितीही मोठा केला तरी वहीची पानं वाढत नाहीत.

त्यात एक भर मी घातली. रॅममधला एकेक बिट म्हणजे एक अतिबारीक कपॅसिटर, त्यात चार्ज आहे की नाही यावर १ किंवा ०. तो चार्ज गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदाला सगळा परत भरावा लागतो, म्हणजे फळ्यावरचा खडू इतका फिका की अक्षर सतत गिरवत राहायचं, गिरवणं थांबलं की गेलं. लाईट गेली की न सेव्ह केलेलं पत्र जातं ते म्हणूनच. आमच्याकडं लाईट जाते, त्यामुळं हे सगळ्यांना लगेच पटलं.

चौथ्या मशिनची रॅम काढून आय३ मध्ये घालायचा प्रयत्न केला मुलांनी, बसेना. ती डीडीआर२, ही डीडीआर३, म्हणजे रॅमच्या दोन वेगळ्या पिढ्या. दोन्हीचे पाय २४०च, लांबीही तीच, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी, कारण व्होल्टेज वेगळं (डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५) आणि चुकून बसवली तर जळेल, म्हणून बनवणाऱ्यांनी खाचच हलवली. जोर लावायचा नाही. कॉम्प्युटरमध्ये एखादी गोष्ट बसत नसेल तर बहुतेक वेळा ती तिथली नसते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोल्हापुरात ऑफिस सुटल्यावर सामान घेतलं. सहा बटण सेल (सीआर२०३२), डिस्क जोडायच्या सॅटा केबल, पेस्टची ट्यूब, सेकंडहँड डीडीआर३ रॅम ४ जीबीच्या तीन पट्ट्या, आणि २४० जीबीच्या तीन एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारं चिपवालं स्टोरेज). पैसे कमिटीनं दिले, पावत्या फाइलला लावल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज कमिटीतले एक आजोबा आले होते, त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतेच. वाचनालयाचा स्वतःचा एक जुना पीसी आहे, २००७ सालचा, त्यावर सगळी पुस्तकांची यादी. मागच्या वर्षी तो 'डिस्क फुल' दाखवायला लागला. आजोबा दुकानात गेले आणि म्हणाले, मेमरी फुल्ल झालीय, मेमरी वाढवून द्या. दुकानदारानं रॅम घातली, एक जीबीची दोन जीबी केली, पैसे घेतले. घरी आणून लावला तर परत तेच, डिस्क फुल. आजोबा मला म्हणाले, "अगं पोरी, मेमरी घातली की आम्ही, तरी फुल्लच म्हणतंय बघ, फसवलं आम्हाला."

दुकानदारानं फसवलं असं मला वाटत नाही, त्यानं मेमरी ऐकलं आणि मेमरी दिली. पण एक प्रश्न विचारायला हवा होता त्यानं, की काय फुल दाखवतंय, आणि तो विचारला नाही याचा मला राग आहे. समोरचा माणूस सत्तरीचा आहे, वर्गणीतून गोळा केलेले पैसे घेऊन आलाय. आणि चूक फक्त त्यांचीच कशी म्हणणार, मोबाईलवर 'मेमरी फुल' म्हणतात तेव्हा स्टोरेज म्हणायचं असतं, मेमरी कार्डला मेमरी म्हणतात तेही स्टोरेजच, आणि कॉम्प्युटरच्या दुकानात मेमरी म्हटलं की रॅम. एकच शब्द दोन उलट्या गोष्टींना. म्हणून आजपासून वाचनालयात मेमरी हा शब्द बंद. रॅम म्हणायचं नाहीतर स्टोरेज म्हणायचं. मुलांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं, रॅम = फळा, स्टोरेज = वही.

बाकीचं काम थोडक्यात. तिन्ही मशिनची तारीख १ जानेवारी २०११ दाखवत होती. बोर्डावरचा बटण सेल संपला की पीसी बंद असताना घड्याळ चालत नाही. हे किरकोळ वाटतं पण तारीख चुकीची असली की वेबसाइटच उघडत नाहीत, कारण साइटचं सर्टिफिकेट कधीपासून कधीपर्यंत चालेल ते ब्राउझर तारखेवरून तपासतो. लोक म्हणतात नेट बंद आहे आणि केबलवाल्याला फोन करतात. सेल बदलले, बायोसमध्ये जाऊन तारीख टाकली, झालं. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम, बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा तो, रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क कुठली, हे बघून मग डिस्कवरच्या विंडोजला किंवा लिनक्सला (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) हाक मारतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस अवघड गेला.

वाचनालयाचा तो जुना पीसी चालू केला, यादी पेनड्राइव्हवर घ्यावी म्हणून. आतून टक्, टक्, टक् असा आवाज, मग थांबतो, मग परत. माझ्या पोटात गोळा आला. लगेच बंद केला. ग्रंथपाल काकांना विचारलं, यादी आणखी कुठं आहे? कुठंच नाही. दाखल नोंदवही कागदावर आहे, पण तिची २०१९ च्या पुरात भिजलेली पानं चिकटलेली. ३,४१२ पुस्तकांची यादी या एकाच डिस्कवर.

मुलांना आवाजाचा अर्थ सांगायचा म्हणून पाचव्या मशिनमधली मेलेली हार्डडिस्क उघडून दाखवली (मेलेलीच, चालू डिस्क कधीच उघडायची नाही, धुळीचा एक कण पुरतो). आत आरशासारख्या चकत्या, त्यांना प्लॅटर म्हणतात, त्यावर चुंबकीय थर. त्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. वर एक काडी, तिच्या टोकाला हेड, ते प्लॅटरला टेकत नाही, हवेच्या थरावर तरंगतं, अंतर इतकं कमी की केस त्यापुढं डोंगर. हेडला हवी ती जागा सापडली नाही की काडी मागं जाऊन परत येते, तोच टक् आवाज. धक्का लागून हेड टेकलं तर थर खरवडला जातो, आणि तिथला डेटा परत मिळत नाही.

म्हणून नियम, आणि हा मी लाल पेननं लिहिलाय. डिस्क टकटकायला लागली तर स्कॅन करायचं नाही, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एका जागी लावणं) करायचं नाही, फॉरमॅट तर नाहीच. आधी कॉपी. आणि फाइल एकेक करून कॉपी करण्यापेक्षा अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल घ्यायची, कारण मरत्या डिस्कला जितकं कमी पळवाल तितकं बरं.

डिस्क ८० जीबीची, आयडीई म्हणजे रुंद चपटी पट्टीवाली ४० पिनांची, आताच्या सॅटासारखी बारीक केबलची नव्हे. माझ्याकडं आयडीईचा यूएसबी अडॅप्टर होता. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम चालते) मशिन चालू केलं, क्लासकडून आलेली एक चांगली ५०० जीबी डिस्क लावली आणि डीडीरेस्क्यू सुरू केलं. हा प्रोग्रॅम हुशार आहे, वाचता येतंय ते आधी भराभर उचलतो, अडलेल्या जागा बाजूला टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्यावर परत परत प्रयत्न करतो. पहिली फेरी तासाभरात झाली. अडलेल्या जागांसाठी रात्रभर चालू ठेवलं, काकांच्या घरून इन्व्हर्टरची वायर ओढून. सोमवारी पहाटे कोल्हापूरच्या एसटीआधी जाऊन बघितलं तर ४४ सेक्टर सोडून सगळं आलं होतं. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा, एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे ८० जीबीतले २२,५२८ बाइट गेले. काका तिथंच खुर्चीवर झोपले होते, उठवून सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

यादी उघडली आणि सगळे गप्प. एक्सेलची फाइल आहे, ओळी बरोबर ३,४१२, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा. मुलगी म्हणाली, त्या ४४ मध्ये हीच गेली का? नाही गेली. फाइल धडधाकट आहे. हे फॉन्टचं प्रकरण, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा समजून घ्यायला पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

डिस्कवर क लिहिलेला नसतो, ख लिहिलेला नसतो, फक्त ० आणि १. एक ० किंवा १ म्हणजे बिट, आठ बिट म्हणजे एक बाइट, आणि एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळे आकडे मावतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे माणसांनी आपसात ठरवलेलं. २००७ साली डीटीपीवाल्यांकडं श्रीलिपी, कृतिदेव असले फॉन्ट असायचे. त्यात फाइलमध्ये साठवलेला आकडा असायचा एखाद्या इंग्रजी अक्षराचा, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवायचा. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसतं, फॉन्ट नसलेल्या मशिनवर खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, मोबाईलवर पाठवता येत नाही.

युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा दिला, देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा आहे. युटीएफ-८ पद्धतीत साठवताना इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि आपल्या अक्षराला तीन. 'वाचनालय' हा शब्द फळ्यावर फोडून दाखवला: व, काना, च, न, काना, ल, य. सात खुणा, सात त्रिक एकवीस बाइट. काना हीसुद्धा वेगळी खूण आहे हे मुलांना फार गमतीचं वाटलं. मग त्यांनीच 'क्ष' घेतला, तो क, हलन्त आणि ष असा तीन खुणांचा, म्हणजे दिसायला एक पण नऊ बाइट. आपापलं नाव किती बाइटचं यावर अर्धा तास स्पर्धा चालली. जोडाक्षरं असलेली नावं जिंकली.

यादी रूपांतर केली. आपोआप होतं बरंचसं, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. दोन्ही मुली वाचत गेल्या, काका भिजक्या नोंदवहीतून ताडत गेले, मी दुरुस्त करत गेले, रात्री नऊपर्यंत ११०० नोंदी झाल्या. साध्या सीएसव्ही स्वरूपात (नुसता मजकूर, रकान्यांमध्ये स्वल्पविराम) फाइल आधी ४१२ केबी होती, सगळं झाल्यावर साधारण अडीचपट होईल. म्हणजे जुनी यादी १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत आरामात मावली असती, नवीही मावेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

एसएसडी बसवल्या. आकारानं अडीच इंची, आत फिरणारं काही नाही, नुसत्या फ्लॅश चिप, ज्या लाईट गेली तरी चार्ज धरून ठेवतात (नँड फ्लॅश तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडला, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाईलचं स्टोरेज सगळं त्याच कुळातलं). हार्डडिस्कला हेड योग्य जागी न्यायला आणि चकती फिरून यायला मिळून दहा-बारा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एच६१ बोर्डाला सॅटा-२ च आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ३०० एमबीच्या वर जाणार नाही, एसएसडीची स्वतःची ताकद ५०० च्या पुढं. तरी घ्यायचीच, कारण जुना पीसी अडतो तो लहान लहान हजारो फाइली शोधताना, आणि तिथं हेड पळवायचं नसणं हाच मोठा फायदा. जुन्या पीसीत एकच गोष्ट बदलायचे पैसे असतील तर मी डोळे झाकून एसएसडी सांगेन.

मग मुलाची तक्रार. "ताई, खोक्यावर २४० जीबी लिहिलंय आणि आत २२३ दाखवतंय, सतरा जीबी कुणी खाल्ले?" त्यानं पार दुकानदाराला पकडायची तयारी केली होती. कुणी खाल्ले नाहीत, मोजमापं दोन आहेत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, कारण २ चा दहावा घात १०२४, पण पुढं लिहितं जीबीच. १०२४ ला १०२४ नं, परत १०२४ नं गुणलं की १,०७,३७,४१,८२४. मुलानं स्वतः कॅल्क्युलेटरवर २४० अब्जाला त्यानं भागलं, २२३.५ आलं, तेव्हा शांत झाला. ५०० जीबीचे ४६५ दिसतात, १ टीबीचे ९३१, आणि पायरी वर जाल तसा फरक वाढतो, केबीला अडीच टक्क्यांच्या आत, टीबीला दहा टक्के. १९९८ मध्ये यावर तोडगा म्हणून १०२४ वाल्यांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली गेली, पण बाजारात कुणाच्या तोंडी बसली नाहीत. लिनक्स मिंटच्या डिस्क्स प्रोग्रॅममध्ये हीच एसएसडी २४० दिसते. रॅमच्या पट्टीवर मात्र ४ जीबी लिहिलेलं १०२४ च्याच हिशोबानं असतं, म्हणून तिथं तूट दिसत नाही.

तसंच एमबीपीएसचं. नेटवाला १०० एमबीपीएस म्हणतो ते मेगाबिट, डाउनलोडच्या खिडकीत दिसतं ते मेगाबाइट, आठनं भागायचं, साडेबारा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

क्लासकडून आलेल्या डिस्क बघितल्या आणि वाईट वाटलं. त्यांनी देण्याआधी सगळं डिलीट केलं होतं, रिसायकल बिनही रिकामा. तरी साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमनं दहा मिनिटांत शेकडो मुलांचे प्रवेश अर्ज, फोटो, आधारकार्डाच्या झेरॉक्स वर आल्या. मी लगेच थांबवलं, मुलांना त्या उघडू दिल्या नाहीत.

काकांनी विचारलं डिलीट केलेलं राहतं कसं. म्हटलं काका, नोंदवहीतनं पुस्तकाची ओळ खोडली तर पुस्तक कपाटातच असतं ना, फक्त ती जागा मोकळी आहे असं आपण धरतो आणि पुढचं पुस्तक तिथं ठेवतो, तोवर जुनं तिथंच. हार्डडिस्कचं तसंच. म्हणून प्रत्येक डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली, ५०० जीबीला दीडेक तास लागतो एकेकीला. कुणीही जुना पीसी देताना हे करावं, किंवा ओळखीच्या माणसाकडून करून घ्यावं. (एसएसडीत ट्रिम, म्हणजे डिलीट झालेल्या जागा एसएसडीला कळवायची सोय, चालू असेल तर डिलीट केलेलं बऱ्यापैकी लवकर खरंच पुसलं जातं, पण त्यावरही विसंबू नये, एसएसडीसाठी वेगळी सिक्युअर इरेजची आज्ञा असते.)

३० नोव्हेंबर, रविवार

तिन्ही मशिनवर लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. ६ जीबी रॅम आणि एसएसडीवर मस्त पळतंय, बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत. मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट लावला.

कमिटीतल्या एकानं ऑनलाइन '२ टीबी' पेनड्राइव्ह स्वस्तात मिळाला म्हणून आणून दिला. किंमत ऐकूनच शंका आली. लिनक्सवर एफ३ नावाचा प्रोग्रॅम आहे, तो पेनड्राइव्ह खऱ्या डेटानं भरतो आणि परत वाचून पडताळतो. निघाला १६ जीबीचा. आतल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, १६ च्या पुढं जे लिहाल ते कुठंच जात नाही, फाइलचं नाव दिसतं, उघडायला गेलं की काही नाही. कुणाच्या लग्नाचे फोटो यात गेले असते तर? त्या काकांनी पैसे परत मागायला सुरुवात केलीय.

आणखी एक, एका मुलीला तिच्या पेनड्राइव्हवर साडेपाच जीबीची फाइल जाईना, जागा १० जीबी मोकळी असून. पेनड्राइव्हचा फॉरमॅट, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, एफएटी३२ होता, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. एक्सफॅट केला, गेली. फॉरमॅटनं आतलं सगळं जातं म्हणून आधी कॉपी घेतली, ती तिनंच आठवणीनं घेतली.

७ डिसेंबर, रविवार

पाचवं मशिन. एसएमपीएस मेलेला, आत दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. दुसरा लावला तरी बोर्ड उठत नाही. सोडून दिलं, पंखा, केबल, स्क्रू काढून ठेवले, बाकी ई-कचऱ्यात. वाचनालयाच्या प्लगला अर्थिंगच नव्हतं, कॅबिनेटला हात लावला की चिमटे बसायचे, वायरमन आणून करून घेतलं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६० धरायचे, एकावर दोन मशिन ठेवलीत. लाईट गेल्यावर काम चालू ठेवण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी.

१४ डिसेंबर, रविवार

३,४१२ नोंदी पूर्ण. ४४ खराब सेक्टरांत यादीतलं काहीच नव्हतं.

यादीच्या आता तीन प्रती आहेत. एक वाचनालयाच्या मशिनवर, एक ५०० जीबीच्या बाहेरच्या डिस्कवर, ती काका रोज संध्याकाळी घरी नेतात, तिसरी ऑनलाइन. दर शनिवारी नवी प्रत घ्यायची आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघायची, नुसती घेऊन ठेवायची नाही. वहीत तारखेचा रकाना आखलाय, सही नववीतल्या मुलीची.

दुपारी कमिटीतले आजोबा आले होते. चौथ्या मशिनची, त्या कोअर २ ड्युओची, जुनी हार्डडिस्क हळू चालतेय, तिलाही एसएसडी घालू म्हणाले, पैसे मी देतो. माझ्यासमोर खुर्चीत बसून त्यांनी मागच्या वर्षीच्याच दुकानात फोन लावला, चष्मा वर करून भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "रॅम नको मला, स्टोरेज पायजे. एसएसडी. सॅटाची, अडीच इंची, दोनशे चाळीस जीबी. हो, आत दोनशे तेवीस दिसतंय, ते ठाऊक आहे मला."

पुढच्या शनिवारी बसवायची.